देहाचें वजन आणि चयापचय

एकाच घरांत, एकाच चुलीवरचें अन्न खाऊन वाढलेले दोघे भाऊ असतात. एकाच्या सदऱ्याची शिवण दर दोन वर्षांनीं उसवून सैल करावी लागते. दुसऱ्याच्या अंगावर मात्र तोच सदरा दहा वर्षें खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो. अशा घरांत मग दोन मतें निघतात. वडील मंडळी म्हणतात, "हा चोरून खात असला पाहिजे." ज्याला हा बोल लागतो तो म्हणतो, "मी खातों कोठें? माझा चयापचयच मंद आहे." हें संभाषण केवळ थट्टेचें असतें तर त्याचा विचार करण्याचें कारण नव्हतें. परंतु पहिल्या मतामुळें कित्येकांना आपल्याच पंगतींत मान खालीं घालून बसावें लागतें. आणि दुसऱ्या मतामुळें कित्येक जण चयापचय 'पेटविणाऱ्या' औषधांच्या मागें लागून प्रकृति बिघडवून घेतात. म्हणून या दोन मतांत खरें किती आणि खोटें किती, हें पाहणें अगत्याचें आहे. सुदैवानें हा प्रश्न आतां तर्कावर सोडण्याचें कारण उरलेलें नाहीं. त्याचें मोजमाप झालेलें आहे.

प्रथम चयापचय म्हणजे काय तें पाहूं. चय म्हणजे सांचविणें, बांधणें; अपचय म्हणजे मोडणें, खर्ची घालणें. खाल्लेल्या अन्नांतून शरीर नवे धातु बांधतें, आणि त्याच वेळीं दुसरीकडे अन्नाचे व सांठ्याचे घटक मोडून त्यांतून शक्ति काढतें. पेशीपेशींतून अहोरात्र चाललेल्या या रासायनिक उलाढालीला मिळून चयापचय हें नांव आहे. पोटांत अन्न पचणें ही तिची केवळ पहिली पायरी होय; 'मला पचत नाहीं' आणि 'माझा चयापचय मंद आहे' हीं दोन विधानें म्हणूनच एक नव्हेत. या उलाढालीचें नाणें म्हणजे उष्मांक. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा साखर सुमारें ४ उष्मांक देते, एक ग्रॅम प्रथिन तितकेच देतें, आणि एक ग्रॅम तूपतेल ९ देतें. जमा अधिक झाली तर शिल्लक चरबीच्या रूपानें पडते, आणि खर्च अधिक झाला तर तीच शिल्लक मोडावी लागते. शरीरांतील एक किलो चरबी म्हणजे अदमासें ७,७०० उष्मांकांची ठेव आहे.

ही जमाखर्चाची कल्पना एका दिवसांत सुचलेली नाहीं. इटलींतील पादुआ येथील वैद्य सांतोरिओ यानें एक मोठा तराजू करून त्याला आपली खुर्चीच टांगली होती. जेवण्यापूर्वीं आणि जेवणानंतर, झोपण्यापूर्वीं आणि उठल्यावर, असा तो सुमारें तीस वर्षें स्वतःला तोलीत राहिला. त्याचा ग्रंथ इ. स. १६१४ मध्यें प्रसिद्ध झाला. खाल्ल्याप्यालेल्या पदार्थांचें वजन आणि मलमूत्राचें वजन यांचा मेळ बसत नाहीं, मधलें पुष्कळसें वजन अदृश्य रीतीनें निघून जातें, हें त्यानें दाखविलें. तें कोठें जातें याचा उलगडा व्हावयास मात्र दीडशेहून अधिक वर्षें लागलीं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यानें लाप्लास याच्या साहाय्यानें १७८३ च्या सुमारास एका गिनीपिगला बर्फानें वेढलेल्या भांड्यांत ठेवलें. त्याच्या अंगच्या उबेनें किती बर्फ वितळतो आणि त्याच्या श्वासांतून कर्बवायु किती बाहेर पडतो, हें त्यानें मोजलें. कोळसा जळतांना जें घडतें तेंच, परंतु मंदपणें, प्राण्याच्या देहांत घडतें, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढें सेगॅं या सहकाऱ्यावर प्रयोग करून त्यानें असेंही पाहिलें कीं, थंडींत, जेवणानंतर आणि ओझें उचलतांना माणसाला प्राणवायु अधिक लागतो. या शास्त्रज्ञाचा १७९४ सालीं राज्यक्रांतीच्या धामधुमींत शिरच्छेद झाला. परंतु त्यानें घातलेला पाया टिकला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत ॲटवॉटर यानें माणूस आंत राहूं शकेल अशी बंद खोलीच बांधविली. माणूस जितकी शक्ति अन्नांतून घेतो तितकीच उष्णता, श्रम आणि सांठा या रूपांनीं हिशेबांत उतरते, हें त्या खोलींत सिद्ध झालें. देहाच्या वहींत खोटी नोंद होत नाहीं.

आतां हा खर्च कोणत्या खात्यांवर पडतो? सामान्यतः तीन खातीं आहेत. पहिलें आणि सर्वांत मोठें खातें म्हणजे स्वस्थ पडून असतांनाही होणारा मूलखर्च. नोकरीधंदा बैठा असेल तर एकूण खर्चाचा ६० ते ७० टक्के भाग यांतच जातो. दुसरें खातें अन्न पचविण्याचें व आंत घेण्याचें; तें सुमारें १० टक्के. उरलेलें सारें हालचालीचें. मूलखर्चाची वांटणी मोठी मौजेची आहे. मेंदूचें वजन शरीराच्या अवघें २ टक्के. परंतु विश्रांतीच्या वेळच्या खर्चापैकीं पांचवा हिस्सा तो एकटा घेतो. यकृताला दर किलोमागें दिवसास सुमारें २०० उष्मांक लागतात, हृदयाला आणि मूत्रपिंडांना सुमारें ४४०. उलट विसांव्यांतल्या स्नायूंना किलोमागें केवळ १३, आणि चरबीला चार-साडेचार पुरतात. चार महिने तालीम करून किलो-दोन किलो स्नायु कमावले म्हणजे झोपेंतही चरबी भराभर जळूं लागेल, असें जें सांगितलें जातें, त्यांत तथ्य किती हें या आंकड्यांवरूनच दिसतें. व्यायामाचे लाभ पुष्कळ आहेत. हा मात्र त्यांतला फार लहान लाभ होय.

याच हिशेबानें मुख्य प्रश्नाचें उत्तर मिळतें. स्थूल माणसाचा चयापचय मंद असतो काय? बहुतांशीं उत्तर असें आहे कीं, तो कृश माणसापेक्षां अधिक असतो. मोठ्या घराला दिवाबत्तीचा खर्च अधिक, तसा मोठ्या देहाला मूलखर्च अधिक. त्याचें हृदय अधिक रक्त फिरवितें, त्याचे स्नायु अधिक भार वाहतात, आणि चरबीबरोबर इतर धातुही थोडेबहुत वाढलेले असतात. १९८६ सालीं केंब्रिज येथील संशोधकांनीं स्थूल आणि सडपातळ स्त्रियांचा एकूण खर्च मोजला, तेव्हां स्थूल स्त्रियांचाच खर्च जास्त भरला.

येथें एक जुनी गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अतिस्थूल माणसाचें जें वर्णन आहे, त्यांत त्याचा अग्नि मंद झालेला सांगितलेला नाहीं. मेदानें मार्ग अडल्यामुळें वायु कोठ्यांत फिरतो आणि अग्नीला प्रज्वलित करतो, म्हणून त्याला अन्न लवकर जिरतें आणि पुनः भूक लागते, असें तेथें म्हटलें आहे. स्थूलतेच्या कारणांत अतिभोजन, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांच्याबरोबर बीजस्वभाव, म्हणजे आनुवंशिकता, हीही तेथें गणलेली आहे. चरकाचा अग्नि आणि आजचा चयापचय या दोन्ही एकच गोष्टी आहेत असें म्हणतां यावयाचें नाहीं. परंतु जाड माणसाचा अग्नि विझलेला असतो ही समजूत जुन्या वैद्यांचीही नव्हती, इतकें खास.

मग 'मी कांहींच खात नाहीं' असें म्हणणारा खोटें बोलतो काय? या ठिकाणीं न्यायबुद्धीनें पाहिलें पाहिजे. पूर्वीं माणसाच्या खर्चाचें मोजमाप करावयाचें तर त्याला खोलींत कोंडावें लागे किंवा तोंडावर नळी बसवावी लागे. पुढें लिफ्सन या शास्त्रज्ञानें दुसरी युक्ति काढली. हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोहोंच्याही जड जातींनीं तयार केलेलें निरुपद्रवी पाणी प्यावयास द्यावयाचें. हायड्रोजन शरीरांतून केवळ पाण्यावाटे जातो. ऑक्सिजन पाण्यावाटे आणि कर्बवायूवाटेही जातो. दोहोंच्या उतरणीच्या वेगांतील फरकावरून कर्बवायु किती निघाला आणि त्यावरून खर्च किती झाला हें कळतें. माणूस आपल्या घरीं राहतो, कचेरींत जातो, आणि दहा-पंधरा दिवसांचा त्याचा खर्च बिनचूक हातीं येतो. माणसावर या रीतीचा पहिला उपयोग १९८२ सालीं झाला.

या रीतीनें १९९२ सालीं न्यूयॉर्क येथें दहा जणांची तपासणी झाली. दिवसाला १,२०० उष्मांकांहूनही कमी खात असतां वजन उतरत नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. मोजल्यावर त्यांचा चयापचय अपेक्षेप्रमाणेंच भरला. फरक पांच टक्क्यांच्या आंत होता. परंतु त्यांनीं लिहून दिलेला आहार प्रत्यक्षाहून सरासरी ४७ टक्के कमी होता, आणि लिहून दिलेली हालचाल सुमारें निम्म्यानें फुगलेली होती. ही लबाडी नव्हती. आपला चयापचयच दोषी आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ही चूक सडपातळ माणसेंही करतात, फक्त थोडी कमी. स्वयंपाक करतांना चव पाहिलेली, मुलानें टाकलेला घांस वायां जाऊं नये म्हणून तोंडांत टाकलेला, चहाच्या प्रत्येक पेल्यांतली साखर, आमटीवर पडलेली तेलाची दुसरी पळी, यांची नोंद मन ठेवीत नाहीं. चमचाभर, म्हणजे १५ ग्रॅम, तुपाचे जवळजवळ १३५ उष्मांक होतात. शरीर तेवढी नोंद ठेवतें.

येथवर वाचून वडील मंडळींना आपलें मत खरें ठरलें असें वाटेल; पण तसें नाहीं. सारख्या जादा अन्नानें सारखें वजन वाढत नाहीं, हेंही तितकेंच पक्कें सिद्ध झालें आहे. १९९० सालीं कॅनडांतील क्वेबेक येथें बारा एकरूप जुळ्या जोड्यांना आठवड्यांतून सहा दिवस, एकूण ८४ दिवस, रोज १,००० उष्मांक जादा खावयास दिले. कोणाचें वजन ४.३ किलो वाढलें, तर कोणाचें १३.३ किलो. जुळ्या भावांतील वाढ मात्र एकमेकांशीं पुष्कळच जुळती होती. बीजस्वभावाचा याहून उघड पुरावा कोणता? १९९९ सालीं अमेरिकेंत सोळा जणांना आठ आठवडे तितकेंच जादा अन्न दिलें असतां एकाच्या अंगीं जेमतेम ०.३६ किलो चरबी चढली, दुसऱ्याच्या ४.२३ किलो. ज्यांच्या अंगीं कमी चढली ते व्यायाम करीत नव्हते. परंतु जादा अन्न पोटांत जातांच त्यांची नकळत होणारी हालचाल वाढत असे. उठणें, बसणें, येरझारा घालणें, चुळबूळ करणें, यांतच त्यांचा खर्च वाढला. वाढत्या अन्नानें ज्याचे पाय आपोआप चालूं लागतात, त्याची ही कांहीं पुण्याई नव्हे. आणि ज्याचे चालूं लागत नाहींत, त्याचा हा अपराधही नव्हे. भूक किती लागावी, कधीं भागावी, हेंही पुष्कळसें जन्मतःच ठरून येतें.

वयाविषयींही एक समजूत रूढ आहे. तिशी उलटली कीं चयापचय मंदावतो, म्हणून पोट सुटतें, असें म्हणतात. २०२१ सालीं २९ देशांतील ६,४०० हून अधिक माणसांच्या मोजमापांचें एकत्रित फळ प्रसिद्ध झालें. त्यांत आठ दिवसांच्या बालकापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत सर्व होते. देहाचें आकारमान हिशेबांत धरलें असतां वर्षाच्या बाळाचा चयापचय प्रौढाहून निम्म्यानें अधिक असतो. पुढें तो वीस वर्षांपर्यंत हळूहळू उतरतो. आणि विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. साठीनंतर तो दर वर्षीं सुमारें ०.७ टक्क्यानें घटतो. म्हणजे चाळिशींतल्या पोटाचा दोष चयापचयावर ढकलतां येत नाहीं. त्या वयांत चालणें कमी होतें, बसणें वाढतें, झोप तुटते, आणि ताटांतलें अन्न मात्र पूर्वींइतकेंच राहतें.

चयापचय खरोखरच मंद करणारा आजार नाहीं असें नव्हे. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा स्राव कमी पडला म्हणजे थकवा येतो, थंडी सोसत नाहीं, त्वचा कोरडी पडते आणि वजनही वाढतें. परंतु ही वाढ बहुधा थोड्या किलोंचीच असते, आणि तिचा बराच भाग पाण्याचा व क्षाराचा असतो. शंका आल्यास रक्ताची तपासणी करून घ्यावी, आणि दोष निघाल्यास वैद्यकीय सल्ल्यानें गोळ्या घ्याव्या. ग्रंथि निरोगी असतां केवळ बारीक होण्यासाठीं त्याच गोळ्या घेणें मात्र घातक आहे. त्यानें हृदयाची लय बिघडते आणि स्नायु व हाडें झिजतात.

याहून भयंकर उदाहरण डायनायट्रोफेनॉलचें आहे. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत हें द्रव्य वापरीत. तेथील कामगारांस घाम सुटे, ताप चढे आणि वजन घटे. १९३३ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथें तें वजन उतरविण्याचें औषध म्हणून पुढें आलें, आणि थोड्याच काळांत हजारों लोक तें घेऊं लागले. तें चयापचय खरोखरीच वाढवितें; पेशींतील इंधन जळतें, पण शक्ति हातीं न येतां निव्वळ उष्णता होऊन जाते. कित्येकांच्या डोळ्यांत मोतीबिंदु झाले, आणि कांहीं जण अंगांतल्या आगीनेंच दगावले. १९३८ च्या कायद्यानंतर अमेरिकेंत तें माणसांनीं घेण्यास अयोग्य ठरलें. तरी चोरट्या विक्रीनें त्याचे बळी अलीकडेपर्यंत पडत आले आहेत. ज्या औषधानें चयापचय 'पेटतो' अशी जाहिरात असेल, त्याच्यापासून दूर राहण्यास एवढा धडा पुरे आहे.

चयापचय खरा आडवा येतो तो वजन वाढतांना नव्हे, उतरवितांना. १९४४-४५ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं छत्तीस तरुणांवर एक प्रसिद्ध प्रयोग केला. युद्धांत शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीनें नकार दिलेले हे तरुण, उपासमारीनें गांजलेल्या लोकांना पुढें उपयोग व्हावा म्हणून, आपखुषीनें अर्धपोटीं राहिले. चोवीस आठवड्यांत त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. परंतु मूलखर्च चाळीस टक्क्यांच्या आसपास खालीं आला. नाडी मंद झाली, उन्हाळ्यांतही थंडी वाजूं लागली, आणि अन्नावांचून दुसरा विचार मनांत येईना. कांहीं जण तर पाककृतींचीं पुस्तकें जमवूं लागले. मिळकत घटली म्हणजे संसारी माणूस जसा दिवे मालवून बसतो, तसेंच शरीर करतें. अगदीं अलीकडे, अमेरिकेंतील एका दूरचित्रवाणीच्या स्पर्धेंत तीस आठवड्यांत सरासरी ५८ किलो वजन उतरविलेल्या चौदा जणांची सहा वर्षांनीं तपासणी झाली. त्यांपैकीं सरासरी ४१ किलो परत चढले होते. आणि तरीही त्यांचा मूलखर्च अपेक्षेहून दिवसाला सुमारें ५०० उष्मांकांनीं कमीच राहिला होता. हें टोकाचें उदाहरण आहे. तथापि, उतरलेलें वजन राखणाऱ्या माणसाला वाढती भूक आणि घटता खर्च या दोघांशीं एकदम झगडावें लागतें, हें त्यावरून ध्यानांत येतें. वजन परत चढलें म्हणून त्याला नामर्द म्हणणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

आपल्याकडील लोकांना आणखी एक गोष्ट जाणून घेणें जरूर आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तेथील बाळें जन्मतः सरासरी २.७ किलोंचीं भरलीं, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील ३.५ किलोंचीं. पुण्याकडील बाळांचे स्नायु आणि पोटांतील इंद्रियें लहान होतीं. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानें फारशी कमी नव्हती. २००४ सालीं डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडांतील डॉ. यडकिन यांनीं आपल्या दोघांचेंच एक छायाचित्र वैद्यकीय नियतकालिकांत छापलें. उंचीच्या मानानें दोघांच्या वजनाचा अंक एकच, २२.३, परंतु एकाच्या अंगांत चरबी ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांच्या अंगांत २१.२ टक्के! आपल्याकडे कृश दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह कां होतो, याचा कांहींसा उलगडा यांत आहे. उंचीच्या मीटरांचा वर्ग करून त्यानें किलोंतील वजनास भागलें असतां येणारा आंकडा पाश्चात्त्य लोकांत २५ पर्यंत ठीक मानतात. आपल्याकडील तज्ज्ञ २३ वरच सावध होण्यास सांगतात. म्हणून केवळ तराजूवर न विसंबतां कंबरेचा घेरही मोजावा. घरांतल्या सडपातळ भावानेंही निर्धास्त राहूं नये, तें यासाठीं.

मग करावें काय? रोज १०० उष्मांक जादा गेले तर वजन वर्षानुवर्षें अखंड वाढतच जाईल, असें नाहीं. देह वाढतो तसा त्याचा खर्चही वाढतो, आणि तीनेक वर्षांत सुमारें चार किलोंवर तें स्थिरावतें. हाच हिशेब उलट दिशेनेंही लागू आहे. रोजच्या आहारांतून एवढेच १०० उष्मांक कायमचे वगळले तर निम्मा परिणाम वर्षांत आणि जवळजवळ पुरा तीन वर्षांत दिसतो. महिन्याभराच्या कडकडीत उपासापेक्षां ही वाट मंद खरी, पण तिच्यावरून चालणें सामान्य माणसाला शक्य आहे. ताटांत डाळ-उसळीसारखीं प्रथिनें आणि भाज्या वाढवाव्या, साखर व तेल मोजून घ्यावें, रोज चालावें, आणि झोप पुरी घ्यावी. वजन उतरलें नाहीं तरी चालण्यानें रक्तदाब आणि रक्तांतील साखर यांना लाभ होतोच.

त्या दोन भावांपैकीं चोरून खाण्याचा आरोप ज्याच्यावर आला, तो बहुधा चोर नसतो. आपला चयापचय मंद आहे हें त्याचें म्हणणें बहुधा खरें नसतें. पण आपल्याला हें काम भावापेक्षां जड जातें, हें त्याचें म्हणणें खरें असतें. घरच्या मंडळींनीं त्याच्या ताटाकडे पाहून बोलण्याचें सोडून, सर्वांच्याच ताटांतलें तेल आणि साखर थोडी कमी केली आणि संध्याकाळीं त्याच्याबरोबर मैलभर चालावयास निघालीं, तर त्या घरांत औषधाच्या बाटलीची गरज बहुधा पडणार नाहीं.